रिळाच्या डब्यातली चिठ्ठी

मित्रांनो, मी गोल आहे, चपटा आहे, पत्र्याचा आहे आणि आता म्हातारा झालो आहे. नवीन माणूस मला परात समजतो. एका बाईने तर माझ्यात कणीक मळायला घेतली होती. मी परात नव्हे, मी सिनेमाच्या रिळाचा डबा. एवढं आधी सांगितलेलं बरं.

जन्म माझा मुंबईच्या कारखान्यातला, पण आयुष्य सगळं खानदेशात गेलं. फैजपूरच्या कौतिक आबांची तंबूतली टॉकीज होती. यावल, रावेर, चाळीसगाव, जिथे जत्रा तिथे आम्ही. माझ्या पोटात सिनेमाचा शेवटचा भाग असायचा, म्हणून आबा मला सगळ्यांत जास्त जपायचे. पुढे टॉकीज बंद पडली. बाकीचे डबे भंगारात गेले आणि मी आबांच्या तंबाखूसाठी उरलो. त्या वर्षांबद्दल मी फार बोलणार नाही. तो वास अजून गेलेला नाही.

माझे दिवस पालटले ते आधार सरांमुळे. सर चित्रकला शिकवायचे आणि आबांचे जिवलग दोस्त होते. त्यांना वेड होतं छोट्या कार्टून फिल्मांचं, पाच-दहा मिनिटांच्या. परदेशात अशा फिल्मांना दरवर्षी एक मोठा पुरस्कार देतात. जानेवारीत दहा फिल्मांची यादी लागते आणि मार्चमधल्या एका सोमवारी सकाळी निकाल येतो. त्या दोन महिन्यांत सरांच्या ओसरीवर चौघं जमायचे: सर, आबा, वाचनालयातल्या कुंदाबाई आणि मोबाईलच्या दुकानाचा नीलेश. नीलेश मिळतील तेवढ्या फिल्म भिंतीवर दाखवायचा. मग जे भांडण जुंपायचं, की शेजारी येऊन विचारायचे, घराच्या वाटण्या चालल्यात का. कुंदाबाईंना गोष्ट हवी, नीलेशला रंग हवेत. आबांचं मत मात्र दरवर्षी एकच. "ज्यामा कुत्रं शे, तीच जिंकी."

वाद संपला की प्रत्येकाने एक चिठ्ठी लिहायची. चिठ्ठीत दोनच ओळी. वर 'जिंकेल' आणि खाली 'जिंकावी'. वरच्या ओळीवर चारचौघांत हवं तेवढं भांडा. खालची ओळ मात्र कोणी कोणाला सांगायची नाही, ती निकालाच्या सकाळी वाचायची. चिठ्ठ्या माझ्यात टाकून झाकणाला कडेने चिकटपट्टी लावत, आणि पट्टीवर चौघांच्या सह्या होत. निकाल आला की सर स्वतःच्या हाताने ती पट्टी फाडायचे. तेरा वर्षांत दहा वेळा त्यांची वरची ओळ खरी ठरली होती. लोक त्यांचं कौतुक करायचे आणि मी उगाच फुगायचो.

चौदाव्या वर्षी यादीत साक्षीची फिल्म आली. साक्षी म्हणजे सरांची एकुलती एक मुलगी. पुण्यात हे काम शिकलेली, तिथेच नोकरी करणारी. फिल्म सहा मिनिटांची, तिच्या आईवर. आई, द्रौपदाबाई, साक्षी शाळेत असतानाच गेली. ती केळीच्या पॅकिंगवर जायची, हौदातल्या पाण्यात केळीच्या फण्या धुवायची. फिल्ममध्ये तेवढंच होतं. कोळशाने काढलेले दोन हात, पाणी आणि फण्या.

साक्षी मुद्दाम सुट्टी काढून वादाला आली. फिल्म भिंतीवर संपली तेव्हा कुंदाबाईंनी डोळे पुसले. सरांनी उठून दिवा लावला. मग ते नेहमीच्या आवाजात म्हणाले, "ही नाही जिंकायची. शेवट लांबलाय. पंचांना केळी धुणारी बाई समजणार नाही."

साक्षी म्हणाली, "पप्पा, बाकी कोणीही म्हणू दे. तुम्ही पण?"

"इथे मी बाप म्हणून बसलेलो नाही, बेटा. अंदाज म्हणजे अंदाज."

"मग बाप म्हणून काय ते सांगा ना."

सर नीलेशला म्हणाले, पुढची लाव. नियम त्यांनीच केला होता, खालची ओळ आधी बोलायची नाही. चौदा वर्षांत त्यांनी तो एकदाही मोडला नव्हता, आणि मोडायला हवा होता तो नेमका त्याच दिवशी. साक्षी दुपारच्या एसटीने निघून गेली.

ती गेल्यावर सरांनी चिठ्ठी लिहिली. कागद माझ्याच झाकणावर ठेवला होता, म्हणून अक्षर न् अक्षर मला कळलं. वरच्या ओळीत त्यांनी एका दीपगृहाच्या फिल्मचं नाव लिहिलं. खाली लिहिलं, 'साक्षीची. द्रौपदाचे हात असेच होते. आयुष्यभर चित्रं काढली, पण मला ते काढता आले नाहीत. माझ्या पोरीला आले.' पट्टी लागली, सह्या झाल्या. "निकालाच्या दिवशी तिला बोलावतो आणि तिच्या हाताने उघडायला लावतो," असं सगळे गेल्यावर ते स्वतःशीच पुटपुटले.

निकालाला अकरा दिवस असताना सर गेले. सकाळी शाळेत फळ्यावर चित्र काढता काढता बसले, ते उठलेच नाहीत.

पुरस्कार दीपगृहाच्या फिल्मला मिळाला. भेटायला आलेले लोक साक्षीला म्हणाले, सरांचा अंदाज शेवटपर्यंत अचूक निघाला हो. ते चांगल्या मनाने बोलत होते. तिने मान डोलावली.

मला कोणी उघडलं नाही. नीलेशने हात पुढे केला तर आबा म्हणाले, "मास्तर नही ते कसाना अंदाज? त्यानी सही शे ती. कोनी फाडानी नही." त्यांनी मला साक्षीच्या हातात दिलं. "तुना बापनी ठेव शे, बेटा. सांभाळ."

साक्षीने पट्टीवरच्या सहीवरून बोट फिरवलं. ती हळूच म्हणाली, "आबा, खालच्या ओळीतही दुसरंच नाव निघालं तर? तेवढं मला नाही सोसायचं."

या गोष्टीला तीन वर्षं झाली. साक्षी आता जळगावात राहते, घरूनच काम करते, साबणाच्या आणि बिस्किटांच्या जाहिरातींतली चित्रं हलवते. स्वतःची फिल्म तिने परत केली नाही. कोणी विचारलं तर म्हणते, माझ्या वडिलांनाच आवडली नव्हती.

तिने मला टाकलं नाही, मित्रांनो. तिच्या टेबलावर कॉम्प्युटरचा पडदा ठेवलाय, तो थोडा उंच हवा होता, म्हणून त्याच्या खाली मी आहे. रोज सकाळी ती सरांच्या सहीवरची धूळ फडक्याने पुसते, पट्टी उचकटणार नाही अशा बेताने. मग कामाला बसते. तिचे हात आणि ती चिठ्ठी यांच्यात वीतभर अंतर असतं. मला तोंड असतं तर मी केव्हाच सांगून टाकलं असतं. सिनेमाचा शेवट सांभाळायची मला सवय होती. पण हा शेवट पोटात ठेवून मी थकलो.

म्हणून तुम्हाला हात जोडून सांगतो. जुन्या वस्तू जपा, पण नुसत्या पुसून ठेवू नका, उघडून बघा. आणि तुमच्या चिठ्ठीतली खालची ओळ, ती ज्याची आहे त्याला आजच सांगून टाका. तुमच्यापैकी कोणी जळगावात साक्षीताईकडे गेलं, तर तिला माझा एवढा निरोप द्या: सही फाटली तरी चालेल.