वारा सुटला की आठव्या दिवशी

वरोऱ्याजवळच्या त्या गावात तलावाच्या पाण्यावर उन्हाळी भुईमूग होई. पाणीवापर संस्थेत दिव्यानी रोजचं तापमान नोंदवी, पिकातून आणि मातीतून किती पाणी हवेत उडालं ते तक्त्यावरून काढी. तक्ता सांगे, दहा दिवसांनी पाण्याची पाळी द्या.

एप्रिलात गुणाबाई तणतणत कार्यालयात आली. "तुया तक्ता म्हणते, पीक तहानलं नाई. मंग माया माळावरचा भुईमूग काऊन मान टाकून राह्यला?"

दिव्यानी तिच्यासोबत माळावर गेली. कोरडा, तापलेला वारा तोंडावर थपडा मारत होता. पारा मात्र गावातल्याइतकाच, बेचाळीस. तिथंच तिच्या ध्यानात आलं, तक्त्याला फक्त तापमान कळतं, वारा कळत नाही.

तिने भुईमुगाची झाडं मातीसकट दोन बादल्यांत लावली, बादल्या गुणाबाईच्याच वावरात काठापर्यंत पुरल्या. रोज सकाळी उपसून वजन करी. पंधरा दिवस. वारा पडलेला असला की बादली तक्त्याप्रमाणेच सव्वाचारशे ग्रॅमने हलकी होई. वारा सुटला की साडेपाचशेने.

संस्थेचे अध्यक्ष दादाजी हसले. "पोरी, दोन बादल्यांच्या भरवशावर तलाव रिकामा करतं का?"

"दादाजीभाऊ, माळाले पाणी नेते ते एकच चारी द्या. वाऱ्याच्या दिवसांत आठव्या दिवशी पाणी सोडू, वारा नसला तर दहाव्याच. तलाव मोजून आली मी, पाणी पुरते." तिने नोंदवही त्यांच्यासमोर ठेवली. "नाई जमलं तर माही नोंदवही दुसऱ्याले द्या."

दादाजींनी माळावरची चारी दिली.

मे सरता सरता काढणी लागली. दादाजी स्वतः वावरात आले. दहा दिवसांनीच पाणी मिळालेल्या शेजारच्या चारीवरचं झाड उपटून त्यांनी शेंग फोडली. आत सुरकुतलेला दाणा. मग गुणाबाईचं झाड उपटलं. शेंगांचा घोसच वर आला, आणि प्रत्येक शेंगेत दाणा ठसठशीत. ते जमलेल्यांकडे वळून म्हणाले, "पुढच्या सालापासून तक्त्यात वाऱ्याचा रकाना वेगळा राहीन. आन तो हे पोरगी भरन."

गुणाबाईने दिव्यानीच्या ओंजळीत शेंगा ओतल्या. तेवढ्यात दुसऱ्या चाऱ्यांवरच्या शेतकऱ्यांनी तिला घेरलंच.

"आमच्याच चारीले आठव्या दिवशी पाणी काऊन नाई दिलं वं?"

इतकी गोड तक्रार तिने आजवर ऐकली नव्हती. ती मोकळेपणी हसली.