मागितला तरच गुलाब

फियोनानं टेपनं मोजून अळूच्या वाफ्यात लाकडी खुंटी ठोकली. ती नेमकी कंदात घुसली. शेजारी कढीपत्ता खुडणारी विनीता जागच्या जागी थांबली.

"सॉरी गं. डॅड माझ्याकडे केलीव्हिलला राहायला येतोय. इथं मागच्या अंगणात मी छोटंसं घर, ग्रॅनी फ्लॅट, बांधून भाड्यानं देणार आहे. इतकी वर्षं त्यानं तुला फुकट लावू दिलं, स्वीट आहे तो. पण आता रिकामं करून दे हं."

फुकट! विनीताला तो शब्द झोंबला.

सिडनीच्या टूनगॅबीतलं घर घेतलं तेव्हा विनीताच्या अंगणात नुसतं काँक्रीट होतं, आणि कुंपणापलीकडे फियोनाच्या बापाची, अँगस म्हाताऱ्याची, ही पट्टी ओसाड पडलेली. "लाव काय लावायचं ते," तो म्हणाला होता. "फुकटाचं मला पचत नाही," तिनं तोंडावर सांगितलं. म्हातारा भलताच खूश झाला. जन्मभर युनिव्हर्सिटीत कायदा शिकवलेला माणूस. कुंपणावर कोपरं टेकून सुरू झाला.

"जुन्या स्कॉटलंडात वर धनी, खाली कूळ आणि दरसाल खंड. धन्यांनी मेंढ्या चारायला गावंच्या गावं उठवली. माझे पणजोबा त्यातच उठले. चोरांनी चोरांसाठी केलेला कायदा! पण त्यात एक गोष्ट माणसासारखी होती. ब्लेंच. काही जमिनींचा खंड म्हणजे भर उन्हाळ्यात एक गुलाब, तोही धन्यानं मागितला तरच. तर आजपासून तू माझी कूळ. उपकार नाही, हक्क."

नवरा गुरुदत्त हसला होता. "विनू, इथल्या कायद्यात याची किंमत शून्य."

"तुझ्या कायद्याला कोण विचारतंय?"

इथला भर उन्हाळा डिसेंबरात. तिनं पट्टीच्या कडेला, म्हाताऱ्याच्या घराच्या बाजूला गुलाबाचं झाड लावलं आणि दर डिसेंबरला त्यावरचा सगळ्यात टपोरा गुलाब ती राखून ठेवायची. म्हाताऱ्यानं एकदाही मागितला नाही.

मागचं दार करकरलं. काठी टेकत अँगस बाहेर आला. गळ्यात चक्क टाय. त्यानं खुंटीकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं आणि विनीतासमोर येऊन हात पुढे केला.

"आज मिडसमर, भर उन्हाळा. माझा गुलाब."

"डॅड, जून चाललाय! विंटर आहे!"

"तुमच्या सिडनीत. खंड स्कॉटलंडातल्या माझ्या गावच्या उन्हाळ्याचा."

विनीतानं झाडाकडे पाहिलं. तिनंच गेल्या आठवड्यात छाटलेलं. नुसत्या काटेरी काड्या. मागितल्यावर दिला तर हक्क पक्का, नाही दिला तर बुडाला, हेही म्हाताऱ्यानंच शिकवलेलं. त्यानं हात मागे घेतला नाही. फियोना ओठ दाबून हसू आवरत होती.

विनीता तरातरा घरात गेली. परत आली ती काचेची बरणी आणि चमचा घेऊनच.

"घ्या. डिसेंबरचा आहे. तेव्हा तुम्ही मागितला नाहीत, म्हणून काय फेकून देऊ? साखरेत घालून उन्हात ठेवला. गुलकंद म्हणतात आमच्याकडे."

अँगसनं चमचा तोंडात धरला. डोळे मिटून चव घोळवली.

"खंड पावला," तो म्हणाला. "फियोना, तू साक्षीदार."

"डॅड, कोर्टात हे एक मिनिट टिकणार नाही."

"अर्धं मिनिटसुद्धा नाही," म्हातारा म्हणाला. "पणजोबांचा हक्कही कोर्टात टिकला नव्हता."

फियोनाचं हसू गेलं. हातातली टेप खट्कन गुंडाळली गेली. ती वाफ्याकडे पाहत राहिली, मग बापाच्या टायकडे. वाकून तिनं दोन्ही हातांनी खुंटी उपटली, तिची माती झटकली आणि गुलाबाच्या झाडापलीकडे, घराच्या बाजूला नेऊन ठोकली. फ्लॅट चांगलाच आखूड होणार होता.

"विनीता," ती हात पुसत म्हणाली, "पुढच्या वर्षी मी मागायला यायचं ते जूनमध्ये की डिसेंबरमध्ये?"