चौथा बार

आमच्या केंटकीत दर ऑक्टोबरात मॅकॉर्डच्या टेकडीवर यादवी युद्धातली जुनी लढाई पुन्हा लढतात. बंदुका ठासणीच्या, दारू खरी, फक्त गोळी नसते. मरायला मात्र कोणी तयार नसतो. तीनशे मैल गाडी हाकून आलेला माणूस पहिल्याच बाराला कशाला आडवा पडेल?

त्या वर्षी उत्तरेचे निळे कमी पडले. हे नेहमीचंच, सगळ्यांना दक्षिणेचा करडा कोट हवा. मग कॅप्टन हॉबर्ट नाणं उडवतो आणि अर्धे करडे निळे होतात. मी निळा झालो. माझा धाकटा भाऊ डॉर्सी करडाच राहिला.

"शोभतोय हो," माझ्या कोटाकडे बघत तो म्हणाला. "घाई असली की तुला काहीही चालतं, व्हर्लिन."

सात महिन्यांत तो माझ्याशी बोलला ते एवढंच. मार्चमध्ये बाबांच्या तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क काढायच्या कागदावर मी सही केली, तेव्हा तो ओहायोहून निघून इस्पितळापासून चाळीस मैलांवर पोचला होता. मी थांबलो नाही. दफनालाही तो माझ्यापासून लांब उभा राहिला. त्या वर्षी मी टेकडीवर आलो तो त्याच्याशी समेट करायला, दुसरं काही नाही.

तोफा सुटल्या. कुंपणापलीकडे वीस पावलांवर डॉर्सी होता. नियम साधे आहेत: नळी डोक्यांच्या वर धरायची आणि दारू ठासायचा गज मैदानात उपसायचा नाही. या गाढवाने दोन्ही मोडले. नळी थेट माझ्या छातीवर रोखून त्याने चाप ओढला.

नुसती केप, दारूला ठिणगी देणारी ती चापाची टोपी, फुटली. नळीतून धूर आलाच नाही, आतली दारू पेटलीच नव्हती.

एवढ्या दणदणाटात त्याला ते कळलं नाही. त्याने त्यावरच दुसरा बार भरला, दारूच्या पुडीच्या कागदासकट गजाने ठासला आणि पुन्हा माझ्यावरच रोखला. पुन्हा नुसती केप. मग तिसरा. रागाने माणूस आंधळा होतो म्हणतात, हा तर बहिराही झाला होता. तो चौथा ठासू लागला. एवढी दारू एकदम पेटली तर नळी त्याच्याच तोंडावर फुटणार होती.

मी बोंबललो. ऐकतो कोण? कुंपण ओलांडायला सक्त बंदी, तरी ओलांडलं. त्याने केप बसवली, बंदूक खांद्याला लावली आणि मी माझ्या बंदुकीचा दस्ता फिरवला. त्याच्या नाकाचं हाड मोडलेलं मला हातात जाणवलं. बंदूक गवतात पडली. दोरीपलीकडच्या प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या.

"आता मलाही संपव!" डॉर्सी माझ्यावर तुटून पडला. पहिल्या ठोशात माझा दात गेला. मला खाली पाडून तो छातीवर बसला आणि गळा आवळू लागला. मी त्याच्या कानाला हिसडा मारला, कान अर्धा फाटला, तरी अंगठे सुटेनात. "चार बार..." एवढंच मी रक्त गिळत म्हणत होतो.

"किती खरं करतात ना!" एक बाई म्हणाली.

हॉबर्टने आणि आणखी दोघांनी त्याला ओढून काढलं. हॉबर्टने बंदूक उचलली, केप काढली आणि नळीत गज सोडला. रिकाम्या नळीत तो पुरता आत जातो, आता वीतभर बाहेरच राहिला.

"चार आहेत आत," तो म्हणाला. "मूर्खा, त्याने हाणलं नसतं तर तुला डोकं उरलं नसतं."

डॉर्सी बंदुकीकडे बघत राहिला. नाकातलं रक्त कोटावर गळत होतं. मला वाटलं, मिटलं.

"बाबा शेवटी काही बोलले?" त्याने विचारलं.

खोटं बोलता आलं असतं. सात महिने त्याची तयारीही केली होती.

"मास्क काढल्यावर बोलले. दोनदा तुझं नाव घेतलं."

"किती वेळ होते?"

"अर्धा तास. मला बघवत नव्हतं रे, डॉर्सी."

"आणखी दहा मिनिटं थांबला असतास, व्हर्लिन. मी दारात असतो."

त्याने मूठ वळली आणि माझ्या तोंडावर मारली. हॉबर्ट मध्ये पडायला आला, त्याला मी बाजूला सारलं आणि हात खाली सोडून उभा राहिलो.

डॉर्सीने पुन्हा मारलं.