आभाळातला हात

त्या खोलीत नियम एकच होता आणि तो बाईंनी स्वतः खडूने फळ्यावर लिहिला होता: आभाळातून हात यायचा नाही.

खोली म्हणजे एका बंद पडलेल्या छापखान्याची मागची बाजू. तिथे अठरा फुटी टेबलावर दोन स्टेशनं, एक बोगदा, एक नदी आणि सत्त्याऐंशी पट लहान केलेली रेल्वे मांडलेली होती. इंजिन अडलं तर बोटाने ढकलायचं नाही. डबा घसरला तर उचलून ठेवायचा नाही. खऱ्या रेल्वेत आभाळातून कुणाचा हात येतो का? मग इथेही येणार नाही. रूळ पुसा, दुसरं इंजिन पाठवा, डोकं चालवा. जो हात घालेल, त्याने पुढच्या रविवारी सगळे रूळ स्पिरिटने पुसायचे. गाडी लहान असली म्हणून तिची अब्रू लहान नसते, असं बाईंचं म्हणणं होतं.

अकरा वर्षं चौघांनी हा नियम पाळला. घड्याळजींचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं, आणि एक्स्प्रेस त्यांच्याकडे. ती पाच सेकंद उशिरा आली तरी त्यांना जेवण जात नसे. कंपाउंडरांनी चाळीस वर्षं दवाखान्याच्या खिडकीतून औषधं दिली होती, आता ते वेळापत्रक सांभाळत आणि एका जुन्या माइकवरून स्टेशनातल्या घोषणा करत. माफ करा म्हटल्याशिवाय त्यांचं वाक्य सुरूच होत नसे. टेबलाखालच्या सगळ्या तारा वायरमनच्या, आणि पॅसेंजर गाडीही त्याचीच. तो बाईंचा सातवीतला विद्यार्थी. बावन्न वर्षांचा बाप्या, पण बाई खोलीत आल्या की अजून उठून उभा राहायचा.

आणि बाई. बत्तीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. टेबलावरचे सगळे डोंगर त्यांच्या हातचे, आणि यार्ड त्यांचं. यार्डात मालगाड्या जोडायच्या नि तोडायच्या, हे सगळ्यात किचकट काम. मालगाडीच्या डब्याला रेल्वेत वाघीण म्हणतात. "यार्डात वाघिणी आठ," वायरमन पाहुण्यांना सांगायचा, "बाई धरून नऊ." बाई ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या, पण मनातून त्यांना ते आवडायचं.

दोन वर्षांपूर्वी बाईंचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी दुखण्याचं नाव सांगितलं आणि गोळ्या दिल्या. बाईंनी गोळ्या घेतल्या, नाव तिथेच डॉक्टरांच्या टेबलावर सोडलं. घरी लेक त्यांना चहा अर्धा कपच द्यायला लागली, सांडू नये म्हणून. भाजी ती चिरायची, ब्लाउजची बटणं ती लावायची, फोन आला तर तोही बाईंच्या कानाला धरायची. माया होती, खोटं कशाला बोला. पण अर्धा कप बघितला की बाईंना वाटायचं, आपणही अर्ध्याच उरलो.

खोलीत मात्र त्या पूर्ण होत्या. आठ महिन्यांत त्यांची एकही वाघीण घसरली नव्हती. "गोळ्या लागू पडल्या," असं त्या दर शनिवारी खोलीतून घरी गेल्यावर लेकीला ऐकवायच्या.

मग तो शनिवार आला. बोगद्यापलीकडची लाइन दिसावी म्हणून बाईंनीच डोंगराच्या आडोशाला एक छोटा आरसा बसवला होता. पुसायला म्हणून वायरमनने तो काढला आणि परत लावताना जरासा तिरका लावला. बाई यार्डाकडे पाठ करून चष्मा पुसत होत्या. पुसून डोळ्यांवर चढवताना सहज नजर आरशात गेली, तर आरशात यार्ड दिसत होतं. एक वाघीण कलंडलेली. आणि तिच्यावर वरून एक हात उतरत होता, हातात घड्याळजींचा बारीक चिमटा. वाघीण अलगद रुळावर बसली. हात निघून गेला.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"घड्याळजी," त्या म्हणाल्या, "हात कुणाचा होता तो?"

घड्याळजींनी चिमटा खिशात टाकला. कंपाउंडर छताकडे बघायला लागले. वायरमन टेबलाखाली शिरला, तिथे काही काम नसताना.

"मी विचारतेय काहीतरी. कधीपासून चाललंय हे?"

"माफ करा बाई, म्हणजे तसं फार नाही..." कंपाउंडर म्हणाले.

"आठ महिने," घड्याळजी म्हणाले. त्यांना खोटं बोलता येत नसे, हीच त्यांची मोठी अडचण होती. "आम्ही पाळी लावली होती. बहुतेक वेळा मीच. चिमट्याचा हात माझा चांगला आहे."

आठ महिने बाई लेकीसमोर मिरवत होत्या. गोळ्या कुठल्या लागू पडायला! आणि मग त्यांना आणखी एक गोष्ट आठवली. आठ महिने दर रविवारी सकाळी घड्याळजी एकटे येऊन सगळे रूळ पुसत होते. स्वच्छतेची हौस आहे, असं बाईंना वाटलं होतं.

"म्हणून रूळ पुसत होतात?"

"नियम मोडला," घड्याळजी खाली मान घालून म्हणाले, "पण शिक्षा चुकवली नाही."

यावर दुसरं कुणी विरघळलं असतं. बाईही विरघळल्या असत्या. पण नेमकं त्याच वेळी त्यांचं लक्ष कंपाउंडरांच्या वहीखालच्या कागदाकडे गेलं. पुढच्या रविवारी खोली लोकांना बघायला खुली ठेवायची होती, त्याची कामवाटणी त्यावर होती. एक्स्प्रेस घड्याळजी. यार्ड आणि पॅसेंजर वायरमन. दारापाशी स्वागत: बाई.

"दारापाशी?"

"बाई, दीडशे माणूस येणार," वायरमन टेबलाखालून म्हणाला. "यार्ड अडलं की मुख्य लाइन अडते. सगळंच थांबतं. आणि तुमचा हात..."

"बाहेर ये आधी. टेबलाशी बोलू नकोस." तो बाहेर आला. "माझ्या हाताचं काय?"

वायरमन पायाशी पडलेली तार गुंडाळायला लागला.

"हात थरथरतो माझा. डोकं नाही थरथरत. तुम्ही तिघांनी मला न विचारता माझ्या वाघिणी उचलल्यात. दया करायची होती तर तोंडावर करायची, मी तोंडावर नको म्हटलं असतं! यार्ड माझं आहे. रविवारी मी तिथे बसणार. घसरली तर घसरेल. आणि पुन्हा आभाळातून हात आला, तर मी यार्ड सोडते, डोंगर सोडते, तुम्हाला सोडते. दारात स्वागताला दुसरं कुणी बघा."

त्या तरातरा निघून गेल्या. छत्री तिथेच विसरली, आणि ती न्यायला परत फिरणं म्हणजे हार मानणं, म्हणून आठवडाभर छत्रीशिवाय हिंडल्या.

पण घरी येऊन दार लावल्यावर राग ओसरला. तिघांचं चुकलं होतं, तरी एक गोष्ट त्यांनी खोटी सांगितली नव्हती. इंजिनाचा वेग ठरवणारं फिरतं बटण कोटाच्या बटणाएवढं. हात दोन मिलिमीटर हलला की इंजिन एकदम झेप घ्यायचं. बाई स्वयंपाकघरात याच विचारात बसल्या होत्या, समोर एक मोठी बरणी. उघडायला गेल्या. बोटं झाकणावर थरथरली, खडखड वाजली, पण झाकण काही जागचं हललं नाही.

बाई तशाच थांबल्या. मग पुन्हा मुद्दाम हात ठेवला. हात दोन मिलिमीटर हलत होता, झाकण जेमतेम केसभर.

"अगं बाई," त्या स्वतःलाच म्हणाल्या. बत्तीस वर्षं पोरांना नकाशाचं प्रमाण शिकवलं. कागद मोठा घ्या म्हणजे पेन्सिल थोडी सरकली तरी गाव चुकत नाही. आणि स्वतःच्या हाताचा कागद मोठा करायचं सुचायला बरणी लागली!

लेक घरी आली तेव्हा बरणी रिकामी होती आणि बाई झाकणाला आतून गोंदाने एक लाकडी बूच चिकटवत होत्या. अर्धा गोंद पदराला लागलेला.

"आई, काय चाललंय हे? दे, मी करते."

"तू चहा कर. आणि कप पूर्ण भर."

"सांडेल."

"सांडू दे. फरशी तुझ्या आईला नवी नाही."

रविवारी बाई सगळ्यांच्या आधी येऊन यार्डाशी बसल्या. वेगाच्या बटणावर बरणीचं पिवळंधमक झाकण बसवलेलं, कोपराखाली वाळूची पिशवी. तिघांनी ते बघितलं. घड्याळजी खाली वाकून झाकणाचा मध्य नीट आहे का ते बघून आले आणि म्हणाले, "एक मिलिमीटर डावीकडे आहे." बाईंनी त्यांच्याकडे असं बघितलं की ते आपल्या जागेवर जाऊन बसले.

लोक आले. खोली भरली. लेकही आली, पुढच्या रांगेत उभी राहिली. पहिली मालगाडी बाईंनी जोडली, सोडली, आणि ती लोण्यातून सुरी जावी तशी गेली. दुसरीही गेली. बाईंचा चेहरा कोरा होता, पण पायाचा अंगठा चपलेत ताल धरत होता.

तिसरीला घात झाला. वेग झाकणाने सांभाळला, पण दोन वाघिणी सोडवायला मधल्या कडीत बारीक काडी घालावी लागते, आणि काडीला झाकण नसतं. हात थरथरला, काडी अडकली, आणि शेवटच्या वाघिणीची मागची चाकं रुळाखाली उतरली. नेमकी यार्डाच्या तोंडाशी, मुख्य लाइनवर.

पॅसेंजर थांबली. एक्स्प्रेस सिग्नलला थांबली. तीन हात तीन बाजूंनी अर्धे वर उठले.

"हात खाली," बाई म्हणाल्या.

ते खाली गेले. चौथा हात मात्र पुढे आला, लेकीचा. "आई, मी ठेवते ना. एका बोटाचं तर काम आहे."

"मागे हो."

"अगं, लोक खोळंबलेत."

"लोकांना खोळंबायची सवय असते. मागे हो म्हटलं ना!"

लेक लाल होऊन मागे सरली. माइकवर कंपाउंडरांनी घसा खाकरला. "माफ करा. मालगाडी काही मिनिटं उशिरा येत आहे. प्रवाशांच्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

वाघिणीपासून हातभर अंतरावर रेल्वे फाटक होतं. ते बाईंनीच तिथे हट्टाने बसवलं होतं, कारण फाटकातला रस्ता दोन्ही बाजूंनी रुळाकडे उतरता असतो. घसरलेला डबा त्यावरून हळू ओढला तर चाकं आपोआप रुळात बसतात. पण हळू म्हणजे मुंगीच्या पावलाने. बाईंनी झाकणावर पूर्ण तळवा ठेवला. इंजिन हललं. वाघीण फरपटत निघाली, फाटकावर चढली, आणि मागून झोकांडी खाऊन दुसऱ्या बाजूला उतरली. लोकांतून "अरेरे" झालं. बाईंनी इंजिन मागे घेतलं. पुन्हा ओढलं. पुन्हा तेच. काही लोक कंटाळून गेले. दहा मिनिटं झाली, बारा झाली. बाईंच्या कपाळावरून घाम ओघळत होता, आणि हात आता खांद्यापासून थरथरत होता. चष्मेवाले एक गृहस्थ म्हणाले, "उचलून का नाही ठेवत?" कुणीतरी त्यांना फळ्याकडे बोट दाखवलं.

चूक बाईंना कळली होती. वाघिणीचं शेपूट मोकळं होतं, म्हणून ती झोकांडी खात होती. मागून कुणीतरी धरायला हवं होतं. आणि हे मागायचं कसं, हे बाईंना येत नव्हतं.

"बाई," घड्याळजी म्हणाले. खिशातला चिमटा काढून त्यांनी तो टेबलावर सगळ्यांदेखत ठेवला. "माझं इंजिन एक्स्प्रेसपासून सोडवून मागून लावू का? तुम्ही सांगाल तर."

त्यांची एक्स्प्रेस चौदा मिनिटं सिग्नलला उभी होती. पाच सेकंदांच्या उशिरानेही जेवण न जाणाऱ्या माणसाची.

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. डोळे भरून आले होते, ते त्यांनी पुसले नाहीत, कारण हात कामात होता. "लावा," त्या म्हणाल्या. "पण मी सांगेन तेव्हा थांबायचं. आणि मी सांगेन तेवढंच."

"तुमचं यार्ड आहे," घड्याळजी म्हणाले.

इंजिन मागून आलं, कडी लागली. वायरमनने कुणी न सांगताच बाकीच्या लाइनचा करंट बंद केला आणि शाळेतल्यासारखा उभा राहिला. "हळू," बाई म्हणाल्या. "आणखी हळू. थांबा. आता." पुढून एक इंजिन, मागून एक, मध्ये वाघीण. फाटकावर चढली. शेपूट सरळ राहिलं. टक् असा बारीकसा आवाज झाला, पण तो शेवटच्या रांगेपर्यंत गेला. चारही चाकं रुळावर.

टाळ्या झाल्या. लेक सगळ्यांत जोरात वाजवत होती आणि रडत होती. बाईंनी मान वर केली नाही. सांधा फिरवला, मालगाडी मुख्य लाइनला काढली, हिरवा सिग्नल दिला.

कंपाउंडरांनी माइक ओढला. "माफ करा. मालगाडी एकोणीस मिनिटं उशिराने सुटत आहे. प्रवाशांच्या गैरसोयीबद्दल आम्ही..."

"कंपाउंडर," बाई म्हणाल्या, "ते शेवटचं खोडा."

कंपाउंडर थांबले. चाळीस वर्षं खिडकीतून माफी मागितलेला माणूस. त्यांनी घड्याळजींकडे बघितलं, वायरमनकडे बघितलं, मग माइक तोंडाच्या अगदी जवळ घेतला.

"मालगाडी एकोणीस मिनिटं उशिराने सुटत आहे," ते म्हणाले, आणि आवाज थरथरला तरी त्यांनी तो तसाच पुढे रेटला. "आम्ही दिलगीर नाही आहोत."