दोघांचं एकच खातं

आधी तुमचा फोन जरा पालथा घाला, मग बोलतो. असा संशयी मी पूर्वी नव्हतो.

मी एक कॉम्प्युटर आहे. रत्नागिरीत नाचणे रोडवरच्या एका इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, बाहेरच्या खोलीत खिडकीकडे पाठ करून बसलेला असतो. खाऱ्या हवेने माझ्या मागचे स्क्रू गंजलेत आणि पंखा सुरू होताना कुरकुरतो. पण डोकं अजून शाबूत आहे.

मला या घरात दीपकने आणलं. दीपक मालवाहू जहाजावर इंजिनाच्या कामाला आहे. वर्षातले बरेच महिने समुद्रावर, उरलेले घरी. त्याची सुट्टी संपत आली होती. बायकोला, राजश्रीला, घरबसल्या गणिताच्या शिकवण्या घेता याव्यात म्हणून त्याने मला घेतलं. वायरी जोडल्या, ब्राउझर उघडला आणि घाईघाईत स्वतःच्याच नावाने खातं सुरू करून दिलं. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात एक छोटा गोल उमटला, त्यात ‘द’ हे अक्षर. राजश्रीने मला हळदकुंकू लावलं. त्या गोलाकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

त्या गोलाचा अर्थ साधा होता. माझ्यावर जे शोधलं जाईल ते दीपकच्या खात्यात नोंदलं जाणार, आणि दीपकच्या फोनवरही उघडून बघता येणार. घराला कुलूप होतं, दाराला जाळी होती, खिडक्यांना गज होते. वाट मात्र भलतीकडूनच उघडी राहिली.

दीपक जहाजावर गेला. राजश्री संध्याकाळी शिकवण्या घ्यायची आणि दुपारी स्वतःसाठी काहीबाही बघायची. कुकरची शिट्टी, लेकीच्या, मनस्वीच्या, शाळेच्या सहलीचं ठिकाण, गुडघेदुखीवरचं तेल. दर रविवारी माझ्याच पडद्यावर दीपकचा व्हिडिओ कॉल यायचा.

एका रविवारी तो म्हणाला, “गुडघे दुखतायत का तुझे?”

राजश्री हसली. तिचे गुडघे चांगले होते. दुखत होते ते तिच्या आईचे. पण यांना कसं कळलं, हा प्रश्न तिच्या चेहऱ्यावर क्षणभर दिसला. मनस्वीने सांगितलं असेल, असं तिने ठरवून टाकलं.

आता तिच्या आईबद्दल सांगायला हवं. मालन तिचं नाव. देवरूखच्या वरच्या अंगाला एका वाडीत एकटी राहायची. मुलगा मुंबईला. चढण चढवेना, दवाखाना लांब. राजश्रीने तिला रत्नागिरीला यायला परोपरीने सांगितलं. मालनने फोनवर एकच धरून ठेवलं होतं.

“जावयाच्या घरात मी म्हातारपण काडायची नाय, बाय. देवरूखात एक खोली बघ माज्यापुरती. आणि जागा ठरल्याबिगर जावयांच्या कानावर घालू नको. ते नको म्हणतील.”

म्हणून राजश्री माझ्यावर देवरूखातल्या भाड्याच्या खोल्या शोधू लागली. एका माणसापुरती, तळमजल्यावर, बाजाराजवळ. दीपकला सगळं ठरल्यावर सांगायचं, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं.

काही दिवसांनी दीपकचा चुलतभाऊ नितेश आला. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलला आणि उठताना दारात म्हणाला, “वहिनी, देवरूखला खोली बघताय म्हणे तुम्ही?”

राजश्रीने ट्रे खाली ठेवला. देवरूखची गोष्ट तिने मनस्वीलासुद्धा सांगितली नव्हती. कोण म्हणालं, असं तिने विचारलं. ‘ऐकलं कुठेतरी’ म्हणत नितेशने वेळ मारून नेली आणि तो जिना उतरला.

त्या दिवसापासून घराची तऱ्हा बदलली. राजश्रीने माझ्या कॅमेऱ्यावर टिकली चिकटवली. वायफायचा पासवर्ड बदलला. व्हायरस शोधणारा प्रोग्राम घातला आणि तो दिवसातून दोनदा चालवू लागली. काम झालं की माझी वायर भिंतीतून उपटून ठेवायची. शेजारच्या गॅलरीत कुणी फोनवर बोलत उभं राहिलं तरी तिला ते आपल्याकडेच बघतायत असं वाटायचं. शिकवणीच्या मुलांवरही तिचा भरवसा राहिला नाही. ‘द’ अक्षराचा गोल रोज तिच्या डोळ्यांसमोर होता. घरच्या माणसाचं नाव, त्यात संशय घेण्यासारखं काय असणार?

मग तिला बाबू आठवला. मारुती मंदिराजवळ त्याचं दुरुस्तीचं दुकान आहे. मागच्या पावसाळ्यात माझी डिस्क बिघडली तेव्हा मी काही दिवस त्याच्याकडे होतो. तिने मला चादरीत गुंडाळून रिक्षात घातलं आणि थेट तिथे नेलं. बाबूने मला उघडलं, तपासलं आणि व्हायरसबियरस काही नाही असं सांगितलं.

“मग तुम्हीच काहीतरी घालून ठेवलं असेल,” राजश्री म्हणाली. दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती.

बाबूने माझे स्क्रू एकेक करून परत बसवले. मान वर केली नाही. “ताई, पुढच्या वेळेला दुसरीकडे दाखवा,” एवढंच तो म्हणाला.

परतीच्या रिक्षात तिने मला मांडीवर घट्ट धरलं होतं. सारं मला ठाऊक होतं, पण आमच्या जातीला विचारल्याशिवाय सांगता येत नाही, आणि काय विचारायचं ते तिला सुचत नव्हतं.

खरं बाहेर आलं ते सहजच. देवरूखचं सगळं पुसून टाकायचं म्हणून एका दुपारी तिने जुन्या शोधांची यादी उघडली. आपल्या ओळींवर एकेक करून खूण करत होती. मध्येच तिचा हात थांबला. तिने कधीच न शोधलेल्या ओळी तिथे होत्या.

‘रत्नागिरी देवरूख एसटी वेळापत्रक.’ खाली, ‘बायको काही लपवत असेल तर कसं ओळखावं.’

ती खुर्चीतून उठली, दाराची कडी लागली आहे का बघून आली. तिला वाटलं, कुणीतरी आता या घडीला माझ्यात बसलेलं आहे. पुन्हा बसून ती खाली खाली वाचत गेली. जहाजाच्या इंजिनाचे सुटे भाग. एका परक्या बंदरातलं हवामान. मग तिची नजर हळूहळू वरच्या कोपऱ्यात गेली. तिने गोलावर बोट दाबलं. दीपकचं पूर्ण नाव आलं, आणि त्याखाली हे खातं कुठे कुठे उघडं आहे ते: हा कॉम्प्युटर, दीपकचा फोन.

वाट दोन्ही बाजूंनी उघडी होती. तो तिला बघत होता, तसा तोही तिला दिसू शकत होता. फक्त तिने कधी पाहिलं नव्हतं.

तिचा चेहरा रागाने लाल झाला. पण ती वाचायची थांबली नाही, आणि आणखी खाली तिला हे सापडलं: ‘छातीत धडधड, रात्री घाम, कारण.’ ‘जहाजावर झोप येत नाही.’ ‘बोटीची नोकरी सोडून गावी काय करता येईल.’ यातलं एक अक्षर त्याने रविवारच्या बोलण्यात काढलं नव्हतं. नेहमी हसत असायचा.

तुम्हाला वाटेल, तिने लगेच ते खातं बंद केलं. नाही केलं. पुढचे काही दिवस ती रोज दुपारी यादी उघडून नवऱ्याने काय शोधलं ते बघायची. धडधड पुन्हा आली का, देवरूखचं पुन्हा काही बघितलं का. रविवारी दोघं माझ्यासमोर बसून जेवणाचं, शाळेचं बोलायचे. दोघांनाही एकमेकांचं माहीत होतं आणि दोघंही लपवून ठेवत होते. इतकं खोटं बोलणं मी माझ्या आयुष्यात ऐकलेलं नाही.

शेवटी तिलाच ते सहन झालं नाही. शोधायच्या चौकटीत तिने सावकाश टाईप केलं: ‘अहो, देवरूखची खोली आईसाठी आहे. तुमच्या छातीत धडधडतं ते डॉक्टरला दाखवलंत का?’

आणि एंटर दाबलं. माझ्या पडद्यावर हृदयरोगतज्ज्ञांच्या जाहिराती आल्या. ती त्यांच्याकडे न बघता नुसती बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी रविवार नसताना कॉल आला. तिने घेतला. दीपकच्या मागे इंजिनाची घरघर ऐकू येत होती.

मग तो सांगू लागला. आधी सहज दिसलं होतं, कुकरची शिट्टी वगैरे. बरं वाटायचं, घरात असल्यासारखं. रोज उघडायची सवय लागली. मग खोली दिसली आणि डोकं फिरलं, नितेशला पाठवलं. लाज वाटते म्हणाला.

“मला विचारायचं होतंत,” राजश्री म्हणाली. “मी त्या बाबूला चारचौघांत चोर ठरवून आले.”

“तू तरी मला कुठे विचारलंस? झोप लागत नाही हे तुला कधीपासून माहीत होतं?”

ती म्हणाली, “मी आता हे बंद करते. मग मला तुमचं काही कळणार नाही. तुम्हाला सांगावं लागेल.”

“सांगेन,” तो म्हणाला. “कर बंद.”

त्याच्यादेखत तिने त्याचं खातं माझ्यातून काढून टाकलं, साठवलेले पासवर्ड पुसले आणि स्वतःच्या नावाचं नवं खातं उघडलं. ती पासवर्ड टाईप करत असताना त्याने पलीकडे मान वळवली होती. तशी गरज नव्हती, पण त्याने वळवली.

बाबूकडे ती दुसऱ्याच दिवशी गेली. तो हसला नाही, पण बसायला खुर्ची दिली, असं तिने मनस्वीला सांगताना मी ऐकलं. मालन आता देवरूखात तळमजल्यावर राहते. दीपकने पुढच्या बंदरावर डॉक्टरला दाखवलं. औषध चालू आहे.

मी अजून तिथेच आहे, खिडकीकडे पाठ करून. तुमच्याकडे माझं एक मागणं आहे. दारं-खिडक्या लावताना आपल्या घरातल्या कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात कुणाचं नाव आहे तेही एकदा बघा. नाव प्रेमाच्या माणसाचं असेल तर जास्त नीट बघा, कारण तिथे कुणी बघत नाही.

परवाच्या रविवारी दीपकने विचारलं, “आज काय केलंस?” आणि या खेपेला त्याला खरंच माहीत नव्हतं. राजश्रीने सगळं सांगितलं, फणसाची भाजी, मनस्वीचे मार्क, आईचा फोन. एक गोष्ट मात्र सांगितली नाही. वाईट नव्हती, लहानशी होती, तिची एकटीची. ती मला ठाऊक आहे. आणि ती मी तुम्हालाही सांगणार नाही.