येळवशीला बेटावर गेलेली काहील

मित्रांनो, मी एक जुनी काहील. ओळखलंत ना? उसाचा रस कढवून गूळ करतात ती, पाच हात रुंद, परातीसारखी पसरट, लोखंडी. पण थांबा, मला नुसतं भांडं समजू नका! मी नावसुद्धा होते. हिवाळ्यात गुऱ्हाळाच्या चुलवणावर बसायचं आणि एरवी तेरणा नदीला पाणी असेपर्यंत माणसं पलीकडं न्यायची. आगीवरही बसले, पाण्यावरही बसले. आहे तुमच्या ओळखीत असं दुसरं कुणी?

माझा जन्म बार्शीच्या एका लोहाराच्या भात्यापुढं झाला. चार पत्रे रिवेटांनी जोडून त्यानं मला घडवलं. बार्शी इंग्रजांच्या मुलखात आणि आमचं ढोकीजवळचं गाव निजामाच्या. त्यामुळं बैलगाडीतून येताना करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर मला अडवलं. शिपायानं मला दोनदा वाजवलं, आत डोकावून पाहिलं. एवढ्या उघड्या भांड्यात मी काय लपवणार होते, देव जाणे!

मला आणलं ते शिवलिंगप्पांनी. सगळे त्यांना आप्पा म्हणत. घरात मुलगा वीरप्पा, सून महादेवी आणि तेरा वर्षांची नात शिवगंगा. शिवगंगेला कुणी कोपऱ्यात बस म्हटलं, तर कोपराच उठून तिच्याबरोबर चालू लागेल, अशी ती पोरगी होती.

आमच्या गावाशी तेरणा दोन फाट्यांत वाहते. मधल्या जमिनीला बेट म्हणत. तिथं आप्पांची ज्वारी. बेटावर ना चरकाची करकर, ना गाड्यांचा खडखडाट. वारा आला की कणसं हलायची, तेवढाच काय तो आवाज. ती ज्वारी रानडुकरांपासून राखायची दोन कुत्र्यांनी. म्हातारा चांद्या आणि तरणा भुऱ्या. दोघं पोहत जायचे, पोहत यायचे. पण त्या वर्षी चांद्याचे मागचे पाय धरले. तो काठावर उभा राहून नुसता पाण्याकडं बघायचा.

मग आली येळवस, म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. आमच्याकडं या दिवशी गाव रिकामं होतं. सगळे आपापल्या रानात जातात, कडब्याच्या कोपीत पाच दगडांचे पांडव मांडून पुजतात आणि तिथंच जेवतात. सकाळीच मला नदीत सोडलं. आंबिलीचं मडकं, भज्जीचं पातेलं, बाजरीच्या उंड्यांची, म्हणजे उकडलेल्या गोळ्यांची, दुरडी असं सगळं चढलं. भुऱ्या आधीच पाण्यात उडी टाकून पार झाला होता. शिवगंगा मात्र चांद्याच्या गळ्यात हात घालून काठावरच उभी.

"आप्पा, चांद्याला आत घेऊ?"

"काहिलीत? कुत्रं?" आप्पा विभूती लावत होते. ती कपाळाऐवजी कानाला लागली. "परवा पहिला रस चढायचाय हिच्यात. कुत्र्याचा पाय लागलेला गूळ कोण तोंडात घालंल?"

"माशी बसलेला घालतेत की!"

"कुत्रं दिवसभर कुठं कुठं तोंड घालतंय, ठावं हाय का तुला?"

"ठावं हाय. तुमच्या जवारीत! तुमचीच राखत फिरतंय!"

वीरप्पानं हसू लपवायला तोंड नदीकडं केलं. महादेवी पदर सावरत हळूच म्हणाली, "मामंजी, येळवशीला घरात कुणी मागं राहू न्हाय म्हंतेत."

आप्पांनी कानाची विभूती पुसून कपाळाला लावली. शेवटी म्हणाले, "बरं. जाताना घ्या. पर तिथं उतरल्याबरुबर काहील वाळूनं घासायची. आरशावानी! अन् येताना त्याचा पाय लागता कामा न्हाय. म्हातारं राहू द्या बेटावरच, खळं हुईस्तोवर."

खळं, म्हणजे मळणी, व्हायला दोन महिने होते. लंगड्या पायांचा चांद्या, एकटा, रानडुकरांपुढं! शिवगंगेचं तोंड एवढंसं झालं. पण पोर हरणारी नव्हती. काहील इतकी लख्ख घासायची, की आप्पांचं मनच विरघळेल, असं तिनं ठरवून टाकलं. मला ते तिच्या बोटांवरून कळलं. अख्ख्या वाटेत ती माझ्या काठावर ताल धरून बसली होती.

मित्रांनो, तो दिवस काय सुंदर गेला म्हणून सांगू! ज्वारी निसवून कणसं बाहेर आली होती. महादेवी पूजा मांडत होती, वीरप्पा शेताला फेरी घालत आंबील शिंपडत होता. भुऱ्यानं पूजेच्या आधीच एक उंडा पळवला आणि पाठीत चप्पल खाल्ली. चांद्यापुढंही उंडा ठेवला होता. पण "घे" म्हटल्याशिवाय तो अन्नाला तोंड लावत नसे. लाळ गळत होती, शेपूट हलत होती, तोंड मात्र बंद.

आणि शिवगंगा मला घासत होती. आधी वाळू, मग राख, मग चिंच. मला इतक्या गुदगुल्या जन्मात झाल्या नव्हत्या! पण तळाशी रिवेटांच्या कडेला काळा थर होता. वर्षानुवर्षांची करपलेली काकवी आणि राख, दगडासारखी घट्ट. गूळ करणारा जाणता गुळव्या तिथं हात हळू करतो. शिवगंगेनं खापरीनं खरवडून खरवडून तो थर काढला. अगं बाई, तो मळ नव्हे, तेच माझं ठिगळ आहे, असं मी ओरडून सांगितलं असतं. पण काहिलीला कुठं तोंड असतं?

दुपार कलली तेव्हा मी खरंच आरसा झाले होते. आप्पांनी वाकून आपल्या मिशा बघितल्या.

"व्हय, झाली खरी."

"मग चांद्या?"

"बोललोय न्हवं मी एकदा."

मला पाण्यात ढकललं. चांद्या वाळूवर बसून राहिला. भुंकलासुद्धा नाही. दहा हात गेलो असू, नसू, तोच महादेवी ओरडली, "अवो, पाणी येलालंय! पाणी!"

दोन रिवेटांच्या कडेनं कारंजी उडत होती. आप्पांना पोहता येत नव्हतं. त्यांनी आंबिलीचं मडकं असं कवटाळलं, जणू तेच त्यांना तारणार होतं. वीरप्पानं कळकाची काठी रेटून मला कसंबसं परत काठाला लावलं.

दिवस उतरत होता आणि रात्र अमावस्येची. शिवगंगेनं उरलेले उंडे चिकट मळून भोकांत दाबले. पाणी थांबलं! पण चेंडूसारखी उडी मारून भुऱ्या आत आला आणि दोन्ही बुचं गट्ट! एवढ्या काळजीतही वीरप्पा पोट धरून हसला. पुन्हा उंडे बसवले. पण नदीत गेल्यावर पाणी ती बुचं खालून ढकलणार, म्हणून वर काहीतरी वजन हवं होतं. बेटावरची वाळू-माती ओली झाली की सरकायची, मडकी-पातेली रिकामी, दगड म्हणाल तर पाचच, आणि ते तर पांडव! त्यांना कोण हात लावणार?

"आप्पा, तुमीच बसा की त्येच्यावर," वीरप्पा म्हणाला.

"अन्नावर बसू? येळवशीच्या दिशी, निवदाच्या उंड्यावर? याड लागलं का रं?"

महादेवी बसेना, शिवगंगाही बसेना. अन्नावर कोण बसेल? आप्पा एकदा माझ्याकडं बघत, एकदा वाळूवर बसलेल्या त्या म्हाताऱ्या कुत्र्याकडं. मग त्यांनी मडकं खाली ठेवलं.

"चुकी माझी हाय. आरशावानी घास म्या म्हणलो. पन्नास वर्सं गुऱ्हाळ केलं, अन् काहील कुठवर घासावी हे पोरीला सांगितलं न्हाय." ते वाळूतून गेले आणि स्वतःच्या हातांनी चांद्याला उचलून आणलं. त्यांच्या पांढऱ्या धोतरावर चिखलाचे पंजे उमटले. "बस बाबा इथं. खायचं न्हाय बरं का."

चांद्या उंड्यांवर पोट टेकून बसला. अख्खी नदी ओलांडेपर्यंत त्याच्या नाकाला तो वास येत होता, पण त्यानं मान वळवली नाही. भुऱ्या शेजारून पोहत, अधूनमधून माझ्या काठावर पंजे टाकून आशेनं बघत होता.

अलीकडच्या काठावर शेजारचा गुंडाप्पा उभा. "आप्पा, काहिलीत कुत्रं? अन् ते बी तुमच्या?"

"कुत्रं न्हाय रे त्ये," आप्पा म्हणाले. "माझ्या काहिलीचं रिवेट हाय."

दुसऱ्या दिवशी लोहारानं नवी रिवेटं ठोकली. तिसऱ्या दिवशी माझ्यात रस चढला. गूळ घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला आप्पांनी खरं ते आपणहून सांगितलं. इस्तवावर, आगीवर, सगळं शुद्ध होतं, असं म्हणून पुष्कळांनी नेला. दोघं-तिघं तोंड मुरडून रिकाम्या हातानं परतले. आप्पांनी त्यांनाही पाणी विचारलं. चांद्या त्या हिवाळ्यात चुलवणाच्या उबेला घोरत पडायचा.

पुढं निजामाचं राज्य गेलं, शिवगंगा सासरी गेली, नवी मोठी काहील आली. आता मी लिंबाखाली पडून आहे. वाईट वाटत नाही असं नाही, पण आयुष्य झकास गेलं. फक्त एक विनंती आहे. जुन्या वस्तूला घासायच्या आधी तिच्या घरच्या जाणत्याला विचारा, कुठं हात हळू करायचा ते. आणि पावसाळ्याआधी मला तेवढी पालथी घाला, म्हणजे तळ गंजणार नाही. अंगात अजून एका फेरीचा जोर आहे, मित्रांनो!