एका हाताने उघडणारा चाकू

तीन आठवडे कोथरूडच्या श्यामराव लेल्यांच्या डोक्यात चाकूंशिवाय दुसरं काही नव्हतं. लोक रिटायर झाल्यावर पोथ्या वाचतात, हा माणूस चाकूंची परीक्षणं वाचत बसला होता! व्हिक्टोरिनॉक्सला कात्री आहे, ओपिनेलची लाकडी मूठ हातात छान बसते, स्पायडर्कोच्या पात्याला अंगठ्यासाठी भोक आहे. सगळं वहीत रकाने आखून लिहिलेलं.

कारण एकच. त्यांच्या पत्नी सुहासिनीबाई टेकडीवर फिरायला यायच्या थांबल्या होत्या. अकरा वर्षं तिथल्या बाकावर पेरू कापायचा मान त्यांचा. तिखट-मीठ लावून सगळ्या ग्रुपला फोडी वाटायच्या. मार्चमध्ये अर्धांगवायूचा झटका आला. पाय सावरला, डावा हात काही सावरला नाही. "दुसऱ्यांनी कापलेलं खायला मी येणार नाही," म्हणाल्या, आणि विषय संपला. श्यामराव एकटेच जात, पण त्यांना मुळीच करमत नसे.

कसब्यातल्या दुकानात ते डावा हात खिशात घालून एकेक चाकू उघडू लागले. पातं ओढायला नखाची खाच असलेले सगळे दोन हात मागत होते.

"काका, तो हात घरच्यांसाठी राखून ठेवलाय का?" दुकानदाराने विचारलं.

"हो, बायकोसाठीच. तिचा चालत नाही."

दुकानदार वरमला. त्याने भोकवाला चाकू पुढे सरकवला. अंगठ्याने पातं खट्‌दिशी उघडलं, मिटलंही. श्यामराव हरखले.

घरी येताच त्यांनी तो बायकोपुढे धरला.

"अहो, सुरी हातात देतात का? भांडण होतं. खाली ठेवा."

"आजवर काय आपण गुण्यागोविंदानेच नांदलो!" म्हणत त्यांनी ठेवला.

तिसऱ्या प्रयत्नात सुहासिनीबाईंनी पातं उघडलं. मग पेरूवर टेकवलं, तर पेरू गडगडत टेबलाखाली. दुसऱ्यांदाही तेच.

श्यामरावांचा चेहराच पडला. अख्ख्या वहीत पेरू कोण धरणार, हा रकानाच नव्हता! कुठे गहाण टाकली होती अक्कल, देव जाणे. "परत करून येतो," ते पुटपुटले.

"बसा खाली. पेरू धरा."

त्यांनी धरला. पातं सरळ खाली उतरलं. एक फोड पडली, मग दुसरी. श्यामरावांचे डोळे भरून आले, हात थरथरला.

"बोटं आत घ्या," सुहासिनीबाई करवादल्या. "उद्या टेकडीवर असा हात हलवलात, तर सगळ्यांदेखत ओरडेन."